परदेशी पोस्टिंगवरील सैनिक कुटुंबाची आपत्कालीन सुटका: तिथल्या आणि गावाकडच्या घराची तयारी

विदर्भातील खेड्यापाड्यांतून सैन्यात गेलेल्या जवानांपैकी काहींना सेवाकाळात परदेशी पोस्टिंग मिळते आणि नियमांत बसत असेल तेथे पत्नी व मुलेही सोबत जातात. भारतीय दूतावासांतील संरक्षण विभाग आणि भूतानमधील भारतीय लष्करी प्रशिक्षण पथक, ज्याचे मुख्यालय १९६२ पासून ‘हा’ (Haa) नावाच्या गावी आहे, ही अशा पोस्टिंगची ठिकाणे आहेत. निवृत्तीनंतर आखाती देशांत सुरक्षारक्षकाची किंवा तांत्रिक नोकरी धरणाऱ्या माजी सैनिकांपैकीही काही जण कुटुंब सोबत नेतात. त्या देशात युद्ध भडकले, सरकार कोसळले किंवा नैसर्गिक आपत्ती आली, तर या कुटुंबांना थोड्या तासांच्या सूचनेवर निघावे लागते. पुढील मार्गदर्शन अशा कुटुंबांसाठी आहे आणि तितकेच वर्धा, यवतमाळ, भंडारा किंवा गडचिरोलीतल्या त्यांच्या गावाकडच्या घरासाठीही आहे, कारण सुटकेची निम्मी व्यवस्था त्या घरालाच पाहावी लागते.

सैनिक सोबत नसेल, हे आधीच गृहीत धरावे

आपल्याकडे कुटुंबाचे कागद, बँक आणि प्रवास यांचा कारभार बहुतेक वेळा जवान स्वतःच पाहतो. सुटकेच्या वेळी नेमका तोच उपलब्ध नसतो. २०१६ च्या मार्चअखेरीस अमेरिकेने तुर्कस्तानातील अदाना परिसरातून आपल्या सैनिकांची कुटुंबे हलवली, तेव्हा कुटुंबे विमानाने निघाली आणि सैनिक इन्जिर्लिक तळावर कर्तव्यावर राहिले. कोणत्याही देशाच्या सैन्यात याहून वेगळे घडण्याची अपेक्षा ठेवू नये. त्यामुळे सगळी आखणी पत्नीच्या नावाने, तिच्या हातून आणि तिला एकटीला पार पाडता येईल अशी व्हावी. ती स्वतः रुग्णालयात किंवा प्रसूतीसाठी दाखल असेल, तर मुलांना कोण घेऊन निघेल हेही ठरलेले असावे. शेजारच्या एका भारतीय कुटुंबाशी याबाबत परस्पर शब्द घ्यावा आणि तो दोन ओळींत लिहून दोघांच्या फायलीत ठेवावा.

निघताना "आठ दिवसांत परत येऊ" असे मनात धरून सामान भरू नये. फिलिपिन्समधील पिनाटुबो ज्वालामुखी जागा झाल्यावर १० जून १९९१ रोजी अमेरिकेच्या क्लार्क हवाई तळावरील सुमारे १५ हजार माणसे, सैनिकांच्या बायका-मुलांसह, गाड्यांनी सुबिक खाडीकडे निघाली. १५ जूनला प्रचंड उद्रेक झाला आणि नोव्हेंबरमध्ये तो तळच फिलिपिन्सच्या स्वाधीन करण्यात आला. बहुतेक कुटुंबांना त्या घरांत पुन्हा संसार मांडता आला नाही. म्हणून जे हरवले तर पुन्हा मिळणार नाही, ते आधी पिशवीत जावे. जे विकत मिळते, ते मागे राहिले तरी चालेल.

विदर्भातील वाचकाला हे फार दूरचे वाटू नये. ३१ मे २०१६ च्या पहाटेपूर्वी पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात आग लागून स्फोट झाले, तेव्हा आसपासच्या गावांतील लोकांना अंधारात, हाती लागेल ते घेऊन घरे सोडावी लागली होती. त्या परिसरातील कोणत्याही बाईला विचारले, तर त्या वेळी काय सापडले नाही हे ती सांगू शकेल.

पहिली पायरी: नावे जुळवून घ्या

ही पायरी सर्वांत कंटाळवाणी आहे आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचीही आहे. सुटकेच्या यादीत नाव चढते ते नोंदींवरून. लग्नाची आणि प्रत्येक अपत्याच्या जन्माची नोंद युनिटच्या पार्ट टू ऑर्डरमध्ये (जवानाच्या सेवेच्या व कुटुंबाच्या अधिकृत नोंदींच्या आदेशात) झाली आहे का, हे जवानाने पोस्टिंगवर जाण्यापूर्वीच पाहावे. त्यानंतर दूतावासात कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीची नोंदणी करावी, आणि घर किंवा फोन क्रमांक बदलला की ती लगेच सुधारावी. माजी सैनिक खासगी नोकरीवर असेल तर त्याच्यामागे युनिट नसते, म्हणून त्याच्यासाठी दूतावासातील नोंदणी हाच एकमेव धागा असतो.

अडचण येते ती नावांच्या लेखनात. ग्रामपंचायतीच्या जन्मदाखल्यावर मुलाचे घरगुती नाव, आधारवर शाळेतले नाव आणि पासपोर्टवर तिसरेच स्पेलिंग, हा प्रकार गावोगावी आढळतो. पत्नीचे माहेरचे नाव लग्नानंतर बदललेले असते, पण युनिटच्या नोंदीत एक आणि पासपोर्टवर दुसरे राहून जाते. सीमेवरच्या अधिकाऱ्याला मराठी नावांची रीत ठाऊक नसते. आई आणि मुलगा यांची आडनावे कागदावर जुळली नाहीत, तर तो दोघांना बाजूला उभे करू शकतो, आणि मागे लांब रांग असताना तेवढा खोळंबाही भारी पडतो. म्हणून पासपोर्टवरील लेखन प्रमाण धरून जन्मदाखला, विवाह नोंदणी प्रमाणपत्र, आधार आणि युनिटची नोंद हे चारही कागद त्याच्याशी जुळवावेत. गावाकडील दुरुस्त्या ग्रामपंचायत आणि आपले सरकार सेवा केंद्रातून घरच्यांनी करून घ्याव्यात. विदर्भासाठी पासपोर्टचे प्रादेशिक कार्यालय नागपूरला आहे. तान्ह्या बाळालाही स्वतंत्र पासपोर्ट लागतो आणि लहान मुलांचा पासपोर्ट साधारणपणे पाच वर्षांचाच असतो, त्यामुळे मोठ्यांचा चालू असताना मुलांचा संपलेला असणे सहज घडते.

परदेशात बाळ जन्मले, तर दूतावासात जन्मनोंदणी आणि पासपोर्टचा अर्ज पहिल्या काही आठवड्यांतच करावा. पासपोर्ट हरवला तर दूतावास भारतात परतण्यापुरते इमर्जन्सी सर्टिफिकेट देऊ शकतो. पण त्यासाठीही ओळख पटवावी लागते, आणि जुन्या पासपोर्टच्या पानांची छायाप्रत असेल तर ती लवकर पटते.

दुसरी पायरी: एकच फाईल

घरात कागदांची फाईल एकच असावी, ती पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेवावी आणि तिची जागा दहा वर्षांवरील प्रत्येक मुलाला माहीत असावी. तीत सर्वांचे पासपोर्ट, त्या देशाचे वास्तव्य परवाने, जन्म व विवाह दाखले, जवानाच्या ओळखपत्राची नव्हे तर पत्नीच्या आश्रित ओळखपत्राची मूळ प्रत, मुलांच्या शाळेची अलीकडची प्रगतिपत्रके, लसीकरणाच्या नोंदी, डॉक्टरांची चिठ्ठी आणि प्रत्येकाचे सहा फोटो असावेत. औषधांची नावे लिहिताना कंपनीचे नाव न लिहिता मूळ घटकाचे नाव लिहावे, कारण तिथली ब्रँडची नावे नागपूरच्या दुकानात चालत नाहीत.

दोन कागद हमखास विसरले जातात. पहिला म्हणजे वडिलांचे संमतिपत्र. आई एकटी मुलांना घेऊन तिसऱ्या देशातून जात असेल, तर वडिलांची लेखी आणि शक्यतो दूतावासाने साक्षांकित केलेली संमती जवळ असणे चांगले. दुसरा म्हणजे पीतज्वराच्या लसीचे पिवळे कार्ड. २०२३ च्या एप्रिलमध्ये सुदानहून परतलेल्या काही भारतीयांकडे हे कार्ड नव्हते, म्हणून मायदेशी उतरल्यावर त्यांना विलगीकरणात राहावे लागले. आफ्रिकेतील पोस्टिंग असेल तर लस जाण्यापूर्वी किमान दहा दिवस आधी घ्यावी, कारण प्रमाणपत्र त्यानंतरच वैध धरले जाते.

शेतीचे कागद, सातबारा, खरेदीखत आणि सोन्याच्या पावत्या परदेशात नेऊच नयेत. त्या गावीच राहाव्यात. फाईलमधील प्रत्येक कागदाची छायाप्रत मात्र गावाकडच्या घरी असावी आणि तिचे फोटो पत्नीच्या फोनमध्ये इंटरनेटविना उघडतील असे साठवलेले असावेत.

तिसरी पायरी: चालता येईल एवढीच पिशवी

२ मार्च २०२२ रोजी युक्रेनमधील भारतीय दूतावासाने खारकिव शहरातील भारतीयांना त्याच दिवशी संध्याकाळी सहापर्यंत पेसोचिन, बाबाये किंवा बेझल्युदोव्का या वस्त्यांवर पोहोचण्यास सांगितले. वाहन मिळाले नाही तर पायी निघा, असेही सांगितले. ही अंतरे ११ ते १६ किलोमीटरची होती. चाकांची मोठी बॅग घेऊन बर्फातून एवढे अंतर कापता येत नाही, लहान मूल सोबत असेल तर मुळीच नाही.

म्हणून प्रत्येकासाठी पाठीवरची एक पिशवी असावी आणि आईच्या पिशवीचे वजन असे असावे, की कडेवर मूल घेऊनही तिला तासभर चालता येईल. सुट्टीत गावी आल्यावर याची परीक्षा घेता येते. भरलेली पिशवी पाठीवर टाकून गावापासून डांबरी रस्त्यावरच्या एसटी थांब्यापर्यंत चालत जावे आणि परत यावे. जे सामान वाटेत जड वाटले, ते दुसऱ्या वेळी काढून टाकावे.

पिशवीत दोन जोड कपडे, त्या देशातील थंडीप्रमाणे एक गरम कपडा, बंद बूट, टॉर्च, फोनची पॉवर बँक, पाण्याची बाटली, महिन्याभराची नेहमीची औषधे, सॅनिटरी पॅड आणि लहान मुलासाठी लंगोट व दुधाची पावडर असावी. खाण्यासाठी आपल्याकडची शिदोरी उत्तम आहे. फुटाणे, गूळ, खारीक, शेंगदाण्याचे लाडू आणि कोरडा चिवडा हे पदार्थ आठवडाभर टिकतात आणि शिजवावे लागत नाहीत. तेलकट, तिखट काही ठेवू नये, कारण प्रवासात पाणी मोजकेच मिळते. दागिने अंगावर मिरवू नयेत, किंबहुना परदेशी नेऊच नयेत. लष्करी गणवेश, युनिटचे चिन्ह असलेली टोपी किंवा टी-शर्ट मुलांच्या पिशवीतही जाऊ देऊ नये.

चौथी पायरी: निघण्याआधीचे दिवस घरातच काढण्याची सोय

सुटका म्हणजे लगेच पळणे, असा समज चुकीचा आहे. सुदानची राजधानी खार्तूममध्ये १५ एप्रिल २०२३ ला गोळीबार सुरू झाला आणि भारताची सुटका मोहीम, ऑपरेशन कावेरी, २४ एप्रिलला सुरू झाली. मधले दिवस अनेक कुटुंबांनी वीज-पाण्याविना घरातच काढले. या काळासाठी माणशी दररोज चार लिटर पाणी धरावे. चार जणांच्या कुटुंबाला नऊ दिवसांसाठी १४४ लिटर, म्हणजे वीस लिटरचे सात-आठ कॅन लागतात. पाण्यासाठी मार्च-एप्रिलमध्ये हंडे भरून ठेवण्याची सवय असलेल्या आपल्या बायकांना हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. त्यांना जागेचा प्रश्न तेवढा सोडवावा लागतो. खिडक्यांपासून दूर असलेली आतली एक खोली ठरवावी, रात्री सर्वांनी तिथेच झोपावे, आणि पिशव्या व बूट त्याच खोलीत ठेवावेत. गॅस संपला तरी पोट भरेल असे कोरडे अन्न, मेणबत्त्या, बॅटरीवर चालणारा रेडिओ आणि प्रथमोपचाराची पेटी एवढे जवळ असले की पुरे.

पाचवी पायरी: पैसा

अशा वेळी एटीएम बंद पडतात आणि कार्ड चालत नाही. त्या देशाच्या चलनात काही दिवसांचा खर्च आणि थोडे डॉलर लहान नोटांत घरी असावेत, आणि ते दोन ठिकाणी विभागून ठेवावेत. भारतातील खाते पती-पत्नीचे संयुक्त असावे आणि त्याला जोडलेला भारतीय मोबाईल क्रमांक परदेशात चालू राहील याची सोय करावी, कारण ओटीपी आला नाही तर खात्यात पैसा असूनही तो हाती येत नाही. सरकारी सुटकेच्या विमानासाठी कोणी फोनवरून पैसे मागितले, तर तो माणूस ठग आहे असे समजावे आणि दूतावासाच्या अधिकृत क्रमांकावरच चौकशी करावी. २०२२ मध्ये युक्रेनमधील भारतीयांना परत आणणाऱ्या ऑपरेशन गंगामधील विद्यार्थ्यांच्या विमानप्रवासाचा खर्च केंद्र सरकारने केला होता.

सहावी पायरी: वाटा

प्रत्येक ठिकाणासाठी निदान दोन वाटा ठाऊक असाव्यात. खार्तूमचा विमानतळ बंद पडल्यावर भारतीयांना बसने सुमारे ८५० किलोमीटरवरच्या पोर्ट सुदानला नेण्यात आले आणि तिथून नौदलाच्या जहाजांनी व हवाई दलाच्या विमानांनी सौदी अरेबियातील जेद्दाला पोहोचवण्यात आले. २०१५ मध्ये येमेनमधून आयएनएस सुमित्राने एडन बंदरातून लोकांना जिबुतीला नेले आणि तिथून ते विमानाने भारतात आले. म्हणजे घर ते विमानतळ हा सरळ रस्ता क्वचितच मिळतो आणि मध्ये तिसरा देश येतो. त्या तिसऱ्या देशातील भारतीय दूतावासाचा क्रमांकही फाईलवर लिहिलेला असावा.

भूतानचे गणित वेगळे आहे. तिथून निघायचे झाले तर पारोच्या विमानतळाइतकाच फुन्शोलिंग, जयगाव आणि पुढे हासीमारा रेल्वेस्थानक हा रस्ताही महत्त्वाचा ठरतो. पावसाळ्यात तो दरड कोसळून बंद होऊ शकतो, म्हणून जून ते सप्टेंबर या काळात घरातील कोरडा साठा दुप्पट असावा.

कोणत्याही देशात दूतावास किंवा युनिटने विभागवार एक समन्वयक नेमलेला असेल, तर त्याचे घर प्रत्यक्ष पाहून यावे. सूचना आली की "नवरा आल्यावर निघू" म्हणून थांबू नये. या एका वाक्यावर पती-पत्नीने शांतपणे बसून आधीच बोललेले असावे, कारण त्या घटकेला हा निर्णय एकट्या बाईला घेणे फार जड जाते.

सातवी पायरी: निरोप आणि गुप्तता

गावाकडे संपर्काचा माणूस एकच असावा. तो धाकटा भाऊ असेल, शाळेतील गुरुजी असतील किंवा शिकलेली बहीण असेल. पण त्याच्याजवळ स्मार्टफोन, एक वही आणि रात्री-अपरात्री जागे होण्याची तयारी हवी. परदेशातून तिघाचौघांना वेगवेगळे फोन गेले की बॅटरी संपते आणि निरोपही बदलत जातो. पत्नीने याच माणसाला रोज ठरलेल्या वेळी एक साधा एसएमएस पाठवावा, कारण नेटवर्क क्षीण असताना व्हिडिओ कॉल लागत नाही, पण चार शब्द पोहोचतात. "भाऊजी, आम्ही तिघे बरे आहोत. पुढचा निरोप उद्या सकाळी. आईंना सांगा." एवढा मजकूर पुरतो. निरोप आला नाही तर किती तासांनंतर दूतावासाला फोन करायचा, आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार कधी नोंदवायची, हेही वहीत लिहिलेले असावे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा क्रमांकही त्याच पानावर हवा.

जवान कुठे आहे, युनिट काय करते, बस कोणत्या मार्गाने निघाली, जहाज कधी लागणार, यांपैकी काहीही गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जाऊ नये. पारावर बसून विचारणाऱ्याला चिंता असते, वाईट हेतू नसतो. तरीही उत्तर एकच द्यावे की सगळे बरे आहेत. स्थानिक पत्रकार घरी आला तर फोटो आणि नावे देऊ नयेत, आणि हे आजी-आजोबांना आधीच समजावून ठेवावे. ज्या रस्त्याने आपली सून आणि नातवंडे येत आहेत, तोच रस्ता जाहीर करण्यातला धोका त्यांना सांगितला की पटतो.

आठवी पायरी: गावाकडचे घर

सुटकेचे विमान नागपूरला उतरेलच असे नाही. ऑपरेशन गंगाचे पहिले विमान मुंबईला उतरले होते आणि पुढची बरीचशी दिल्लीला गेली. त्यामुळे मुंबई व दिल्ली या दोन्ही ठिकाणी एक रात्र काढता येईल असे नातेवाईक किंवा सैनिकी विश्रामगृह आधीच शोधून ठेवावे. घ्यायला कोण जाईल हे ठरवताना शेतीचा हंगामही पाहावा. जूनमध्ये पेरणी आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सोयाबीन काढणी किंवा धानाची कापणी ऐन भरात असताना घरातील कर्ता पुरुष चार दिवस बाहेर जाऊ शकेलच असे नसते. म्हणून एक माणूस आणि त्याच्या बदली दुसरा, अशी दोन नावे असावीत.

थंड प्रदेशातून एप्रिल-मे महिन्यात येणाऱ्या मुलांना आपल्याकडचा पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा सोसत नाही. पहिले आठ-दहा दिवस दुपारी त्यांना बाहेर सोडू नये, आणि कूलरची एक खोली त्यांच्यासाठी राखावी.

शाळेची काळजी आईला सर्वांत आधी लागते. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार आठवीपर्यंतच्या मुलाला शाळा सोडल्याचा दाखला उशिरा मिळतो या कारणाने प्रवेश नाकारता येत नाही. गावच्या जिल्हा परिषद शाळेत मूल दुसऱ्याच दिवशी बसू शकते, आणि नंतर कामठी, पुलगाव, भंडारा किंवा भद्रावतीसारख्या ठिकाणच्या केंद्रीय विद्यालयात जागा मिळते का ते पाहता येते.

जमिनीचे किंवा बँकेचे काम अडू नये म्हणून जवानाने पोस्टिंगवर जाण्यापूर्वीच पत्नीच्या नावे मुखत्यारपत्र करून ठेवणे सोयीचे. ते परदेशात करायचे झाल्यास दूतावासात साक्षांकित करून घ्यावे आणि भारतात पोहोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे. कोणत्या कामासाठी अधिकार दिला आहे ते त्यात नेमके लिहावे. विक्रीचा सरसकट अधिकार लिहून देऊ नये.

नववी पायरी: सराव आणि उजळणी

मुलांना घाबरवू नये, पण अंधारातही ठेवू नये. पाच-सहा वर्षांच्या मुलाला स्वतःचे पूर्ण नाव, आईचे नाव, गावाचे व जिल्ह्याचे नाव आणि गावाकडचा एक फोन क्रमांक पाठ असावा. त्याहून लहान मुलाच्या कपड्याच्या आतल्या बाजूला हाच मजकूर इंग्रजीत आणि त्या देशाच्या भाषेत लिहिलेली पट्टी शिवावी. तिच्यावर वडिलांचा हुद्दा किंवा युनिट लिहू नये. वर्षातून दोनदा, एकदा दिवाळीत आणि एकदा शाळेच्या वार्षिक परीक्षेनंतर, फाईल उघडून पासपोर्टच्या मुदती, औषधांच्या तारखा, मुलांच्या बुटांचे माप आणि गावाकडच्या वहीतील क्रमांक तपासावेत. त्याच दिवशी घड्याळ लावून घरातून समन्वयकाच्या घरापर्यंत सर्वांनी पिशव्यांसह चालत जावे, आणि त्या दिवशी जवानाने मुद्दाम सोबत जाऊ नये.

परतल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात पत्नीने पोहोचल्याची लेखी सूचना युनिटला आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला द्यावी, मागे राहिलेल्या सामानाची यादी आठवणीत ताजी असतानाच लिहावी, प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्वांची तपासणी करून घ्यावी, आणि मुलांची झोप किंवा बोलणे बिघडलेले दिसले तर कामठीच्या सैनिकी रुग्णालयात दाखवावे. तिकडे कर्तव्यावर असलेल्या जवानाशी रोज बोलणे जमले नाही, तरी घरच्या वहीत त्याच्या प्रत्येक फोनची तारीख लिहीत जावी.